ताटावरचा हात

५ जानेवारी २०२५

ही डायरी खरं तर बाबांची. गावच्या कृषी केंद्राकडून त्यांना दर वर्षी एक मिळते, प्रत्येक पानाच्या तळाशी शेतीचा एक सल्ला छापलेला. "मले काय लिहाचं आहे गा, तूच लिही," म्हणत त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो. आयुष्यभर फळ्यावर लिहिलं आणि पुसलं, आता न पुसता काही लिहून पाहावं म्हणतो.

तर परिस्थिती अशी. दिवाळीनंतर आई गेली. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावी बाबा एकटे उरले. महिनाभर शेजाऱ्यांनी डबे पुरवले, पण लोक तरी किती दिवस पुरवणार? मागच्या उन्हाळ्यात ते बगीच्यातल्या मोटारीच्या खोलीत चक्कर येऊन पडले होते. आई चहा घेऊन गेली म्हणून वेळेवर कळलं. आता चहा घेऊन जाणारं तिथे कोणी नाही. म्हणून मी त्यांना नागपूरला, प्रताप नगरच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. घरात मी, माझी बायको श्वेता आणि कॉलेजात जाणारी आमची मुलगी भूमिका.

बाबा आले, पण अट घालून आले. "शिवरात्रीपर्यंत पाह्यतो. जमलं त राह्यतो, नाही त माह्यं घर आहे." संत्र्याचा बगीचा चुलतभावाकडे सोपवलाय, पण गावच्या घराची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशातच असते. ते परत गेले आणि पुन्हा तशी चक्कर आली तर? त्यांना इथे रमवायचं, हाच माझा यंदाचा संकल्प.

९ जानेवारी

बाबांचं जेवण तुटलंय. श्वेता न चुकता विचारते, "बाबा, अजून एक पोळी वाढू?" ते म्हणतात, "नाही वं पोरी, बस झालं." ती डबा बंद करते. बाबा थोडा वेळ रिकाम्या ताटात बोट फिरवत बसतात, मग पाणी पिऊन उठतात.

आणि हाच तो माणूस! गावात लग्नाची पंगत बसली की रुपरावभाऊंना वाढायला वाढप्यांत चढाओढ लागायची. बुंदीची बादली समोर आली की बाबा दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरायचे, वर छातीने वाकायचे आणि ओरडायचे, "नाही रे बाप्पा, जागाच नाही!" वाढपी त्यांचे हात बाजूला सारून बुंदी टाकायचाच. सगळी पंगत हसायची. मग बाबा शेवटचा कण वेचून खायचे. मांडवातला तो गलका, पत्रावळीचा ओला वास, शेणाने सारवलेल्या अंगणात मांडी घालून बसणं, काय दिवस होते ते! तेव्हा माणसांना भूक होती.

आईच्या जाण्याचं दुःख आहे हे. वेळ जावा लागेल.

१४ जानेवारी

आज संक्रांत. कॉलेजला सुट्टी. काल वर्गात शिकवलं की हवा, पाणी, जमीन आणि गावची रीत यांच्या साच्यात माणूस घडतो, आणि जागा बदलली तरी साचा लवकर सुटत नाही. मुलांनी लिहून घेतलं. एकाने विचारलं, सर, उदाहरण? मी बर्फातल्या लोकांचं उदाहरण दिलं.

इमारतीतल्या बायका तिळगूळ घेऊन आल्या. त्या बाबांचा हात धरून तळव्यावर लाडू ठेवत आणि "तोंडात टाका, माझ्यासमोर टाका" म्हणत. बाबांनी सगळे खाल्ले, एकही मागे ठेवला नाही. दुपारी जेवताना मात्र पुन्हा एक पोळी आणि "बस झालं." मी म्हटलं, बाबा, अहो घ्या की. तर भूमिका मध्येच बोलली, "पप्पा, आजोबा नाही म्हणाले ना? नाही म्हणजे नाही. आमच्या कॉलेजात पोस्टर लावलंय." बाबा हसले. मीही आपलं जेवू लागलो. पोरगी चुकीचं काही बोलत नव्हती.

संध्याकाळी मला सुचलं. दात! लाडू चालतात, पोळी चालत नाही, म्हणजे दातांचंच दुखणं. तिळाचे लाडू दगडासारखे होते असं भूमिकेचं म्हणणं, पण त्याकडे मी लक्ष दिलं नाही.

२२ जानेवारी

दातांचे डॉक्टर म्हणाले, या वयात असे दात मी पाहिले नाहीत, ऊस आणून द्या, सोलून खातील. फी मात्र घेतली.

मग श्वेताने स्वतःच बाबांचं रक्त काढलं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिच्या हाताला सवय आहे. सगळे रिपोर्ट बरोबर. तरी सदरा खांद्यावरून ओघळतोय आणि गालफडं बसलीत. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "वजन असंच उतरत राहिलं तर या वयात महागात पडेल. नीट खात का नाहीत?" बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

आज आईची फार आठवण आली. तिला विचारायची सवयच नव्हती. ताटावर हात ठेवला तर ती बोटांच्या फटींतून वरण सोडायची. मग आम्ही हात चाटायचो आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. मी अकरावीला नागपूरच्या वसतिगृहात आलो तेव्हा मेसमधल्या आचाऱ्याला सवयीने "नको नको" म्हणायचो आणि तो बिनधास्त पुढे निघून जायचा. पहिला पंधरवडा मी अर्धपोटी झोपलो. पुढे शिकलो, ताट पुढे करून "टाक" म्हणायला. आता ते आठवून हसू येतं.

एक गोष्ट मात्र आठवत नाही. आई जेवताना कशी दिसायची? आम्ही उठल्यावर ती चुलीमागे बसायची. तिकडे कोणी पाहत नसे.

३० जानेवारी

बाबांचं मन रमावं म्हणून रजा टाकून त्यांना कळमन्याच्या फळबाजारात नेलं. मृग बहाराची संत्री नुकती यायला लागलीत. पिवळ्याधमक ढिगांमधून बाबा असे चालत होते की दहा वर्षांनी लहान वाटावेत. एक फळ उचललं, अंगठ्याने दाबलं, हुंगलं आणि म्हणाले, "ह्याले घाईत तोडलं." लहानपणी मी त्यांच्यासोबत ट्रकच्या टपावर बसून इथे यायचो. संत्र्याच्या पाल्याचा तो वास नाकात गेला आणि मीही एक फळ उचलून हुंगलं.

बळीरामजी म्हणजे आमचे जुने अडते. आता दुकान मुलं बघतात, ते गादीवर बसून असतात. त्यांनी पोहे मागवले. बाबा म्हणाले, "नाही गा, जेवून आलो." बळीरामजी म्हणाले, "अरे घे." "नाही, खरंच नाही." "घे न बे, नाटकं काहून करून राहिला?" असं तीनचार वेळा झालं आणि बाबांनी पोहे खाल्ले. दुसरी प्लेट आली, पुन्हा तोच तमाशा, तीही खाल्ली. वर चहा.

घरी येऊन मी श्वेताला आनंदाने सांगितलं की बाबांना मोकळी हवा लागते, बंद फ्लॅटमध्ये त्यांची भूक मरते. रात्री त्यांचं ताट गॅलरीत मांडलं. श्वेताने विचारलं. ते म्हणाले, "बस झालं." एक पोळी.

९ फेब्रुवारी

आज रविवार. इंदोऱ्याला लहानूकाकांकडे जेवायला गेलो होतो. लहानूकाका बाबांचे गावचे वर्गमित्र. गावच्या बौद्ध वस्तीतून कॉलेजपर्यंत पोचलेला पहिला मुलगा, पुढे बँकेत मॅनेजर झाले, आता निवृत्त. आई गेली तेव्हा ते गावी येऊन तिच्या फोटोपुढे बराच वेळ बसले होते. त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धमूर्तीजवळ निळं कापड अंथरलेलं, शेजारी पुस्तकांचं मोठं कपाट. दोघे म्हातारे भेटले की शाळेतल्या मास्तरांच्या नकला करतात.

अंजनाकाकूंनी भरीत, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि वरण-भात केला होता. बाबा जेवले! पोटभर जेवले! काकू आपल्या बोलत होत्या, आणि बोलता बोलता बाबांच्या ताटात भाकर पडत होती. बाबा म्हणत, "आवं वहिनी, काय करता, माणूस आहो का बैल?" आणि खात. लहानूकाका स्वतः मात्र लागेल तेवढं सरळ मागून घेत होते आणि झालं की झालं. शेवटी बाबांनी ढेकर दिला. तो ढेकर ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

उठताना मी काकूंना भरीताची रीत विचारून घेतली.

१० फेब्रुवारी

ती रीत मी श्वेताला सांगितली. याहून मोठा मूर्खपणा मी संसारात केलेला नाही.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "दोन महिने मी लॅबमधून धावत येते. त्यांना गरम पोळी मिळावी म्हणून शेवटची पोळी त्यांच्यासाठी टाकते. दर जेवणाला विचारते, एक दिवस चुकले नाही. त्यांना माझ्या हातचं गिळवत नसेल तर तसं सांगा. वांग्याच्या आडून कशाला सांगता?" आणि ती रडली. श्वेता सहसा रडत नाही. मी "तसं नाही गं" एवढंच म्हणत राहिलो.

बाबा गॅलरीत होते. दार उघडं होतं.

१३ फेब्रुवारी

बाबांनी कपाटावरून आपली पिशवी काढली. दोन सदरे घडी करून तळाशी ठेवले. "शिवरात्र झाली का निघतो गा. अठ्ठावीसची सकाळची एसटी. माह्या पायी त्या पोरीले तरास होऊन राहिला." मी पुष्कळ बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिसरा सदरा घडी करायला घेतला.

ते तिथे एकटे भाकर थापणार? ज्यांनी जन्मात चूल पेटवली नाही ते? मला भीती वाटते आहे आणि कोणावर चिडावं ते कळत नाही.

१६ फेब्रुवारी

आज लहानूकाका बाबांना समजवायला आले. बाबा अंघोळीला गेले तेवढ्यात मी काकांना खाली बागेत नेलं आणि सगळं सांगितलं. दुःख, दात, रक्त, हवा, भरीत, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी त्याले किती खेपा इचारता?"

"म्हणजे?"

"पोळी वाढू का म्हून. किती खेपा?"

"एकदा. श्वेता दर वेळी विचारते."

"एकदा?" काका बाकावर हात आपटून हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "अरे बापू, मंग उपाशी मरन नाही त काय तो! त्याची पयली 'नाही' कधी खरी असते का? दुसरीबी नसते. तिसऱ्या खेपेले तो हात काढते. शाळेपासून पाह्यतो मी त्याले."

मी बाकावर बसलो. पंगत, बुंदी, तिळगूळ, बळीरामजींचे पोहे, माझी मेस. सगळं याच डायरीत माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. म्हणजे माझा बाप माझ्या घरात, भरल्या डब्याशेजारी, दोन महिने उपाशी बसला होता. मला हसूही येईना, रडूही येईना.

"पण काका, तुम्ही तर पहिल्यांदाच हो म्हणता. मी पाहिलं."

काकांचं हसू थांबलं. "आमच्या घरी 'नाही' म्हनलं त भाकर पुढच्याच्या ताटात जाये. घरात मानसं सात अन् भाकरी मोजून. 'नाही' म्हनाची चैन कोनाले? ज्याच्या घरी कोठी भरलेली त्यानं 'नाही' म्हनावं. तुह्या बापाच्या घरी कोठी होती."

मग ते आवाज खाली आणून बोलले. "कॉलेजच्या सुट्ट्यांत मी तुमच्या बगीच्यात तोडनीले जाओ. दुपारी जेवन भेटे. आमचं पान येगळं, विहिरीच्या त्या बाजूनं. तुही आजी वरून टाके. एक खेप, बस. तुहा बाप माह्या वर्गातला, पन तो घरात बसे अन् मी तिकडं. त्याच्यात त्याचंबी काही चालत नसे. मंग तुही माय, सुभद्रावहिनी, लग्न होऊन आली. नवी नवरी, डोक्यावरून पदर. वाढाले तिले धाडलं. तिनं इचारलं, आनखी? मी म्हनलं हो. तिनं टाकलं अन् वापस आली. पुन्हा म्हने, आनखी? मले समजेच ना, हे पुन्हा काहून इचारते. आतून सासूनं हाक मारली, तरी तिनं टाकलं. तिसऱ्या खेपेले आली तवा मी म्हनलं, बस झालं. पोट भरल्यावर 'बस झालं' म्हनाले कसं वाटते, ते मले त्या दिवशी मालूम पडलं, बापू."

वर गॅलरीतून बाबा हाक मारत होते. आम्ही दोघे काही वेळ उठलो नाही.

१७ फेब्रुवारी

श्वेताला सांगितलं. आधी तिचा विश्वास बसेना, मग ती संतापली. "भूक लागली तर माणसाने सांगावं की नाही?" मग खुर्ची ओढून बसली आणि माहेरचं सांगू लागली.

तिच्या माहेरचं मला आजवर नीट कळलं नव्हतं. तिच्या वडिलांना साखरेचा आजार होता. ते भिडस्त. लग्नामुंजीत नातेवाईक त्यांच्या तोंडात लाडू कोंबायचे, एका लाडवाने काय होतं म्हणायचे. शेवटी पाय गेला, मग तेही गेले. तेव्हापासून तिच्या आईने घरात नियम केला. एकदा विचारायचं, आणि कोणी नको म्हणालं की पुन्हा तोंडातून शब्द काढायचा नाही. "आमच्याकडे आग्रह म्हणजे माणसाच्या जिवावर उठणं," श्वेता म्हणाली. "मी तुमच्या बाबांचा मान राखत होते हो."

ती मान राखत होती आणि ते रीत राखत होते. दोघेही चुकले नव्हते आणि मधल्या मधे पोळी डब्यात राहत होती. वर्गात त्या मुलाने उदाहरण मागितलं तेव्हा मी बर्फातल्या लोकांपर्यंत गेलो होतो. माझं स्वयंपाकघर त्याहून जवळ होतं.

१९ फेब्रुवारी

श्वेताने आजपासून आग्रह सुरू केला. तिला तो येत नाही. इंजेक्शन द्यावं तशी ती पोळी चिमट्यात धरून बाबांसमोर उभी राहिली.

"घ्या बाबा."

"नाही वं, बस झालं."

"घ्या."

"नाही, खरंच."

"घ्या म्हणते ना!"

बाबा दचकले आणि त्यांनी हात काढला. भूमिका हसून हसून खुर्चीवरून घसरली. "हे तर पोस्टरच्या एकदम विरुद्ध आहे," म्हणाली. रात्रीपर्यंत श्वेताला थोडा सूर सापडला. "असं काय करता, एवढीशीच तर आहे" हे तिने अगदी गावाकडच्या बायकांच्या चालीवर म्हटलं, कुठून आलं देव जाणे. बाबांनी तीन पोळ्या खाल्ल्या, वर दूधभात खाल्ला.

प्रश्न सुटला. मी सुखाने झोपायला चाललो आहे.

२३ फेब्रुवारी

प्रश्न सुटलेला नाही.

बाबांचे गाल थोडे भरलेत. श्वेता चौफेर आग्रह करते, भूमिकाही त्यात सामील झाली आहे. आणि बाबा पिशवीत आपला चष्म्याचा डबा, तंबाखूची चंची, आईचा छोटा फोटो एकेक करून ठेवताहेत. सकाळी मी सरळच विचारलं.

"बाबा, आता काय कमी पडतंय?"

"काहीच नाही गा. लई सेवा करून राहिली पोरगी."

"मग?"

"गावात तुह्या मायनं मले कधी 'घ्या, घ्या' म्हनलं का? ताट पाहे अन् टाके. लागलं त मी हाक मारो, आन वं एक भाकर. ते घर माह्यं होतं. इथं मी पाव्हना. पाव्हन्याचं तुमी चांगलं करता. पन पाव्हना किती दिवस राह्यते?"

"हेही घर तुमचंच आहे, बाबा."

"घर तुमचं आहे. चांगलं आहे." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पाव्हन्यानं मांगू नाही, गा. मले मांगल्याशिवाय जमत नाही."

मला फार वाईट वाटलं. आग्रह वाढत गेला तसे ते अधिकच पाहुणे होत गेले, आणि आम्ही खुशीत होतो. आता चार दिवस उरलेत. काय करावं हे मला सुचत नाही. ज्याला विचारावं असं माणूस एकच होतं, आणि ती आई.

२७ फेब्रुवारी

काल शिवरात्र. श्वेताने उपास केला. आज उपास सोडायच्या आधीच लॅबमधून फोन आला, कोणीतरी आजारी पडलं म्हणून हिला लवकर बोलावलं. स्वयंपाक तेवढा करून ती चहाही न घेता गेली. माझं कॉलेज सकाळचं, मी बारापर्यंत घरी आलो. बाबांनी आणि मी जेवून घेतलं. दाराशी त्यांची पिशवी बांधून ठेवलेली होती, वर टोपी. मी तिकडे बघत नव्हतो.

श्वेता तीनला आली. पर्स टाकली, हात धुतले आणि ओट्याशी उभ्या उभ्याच सकाळची गार पोळी मोडून खायला लागली. एका हातात पोळी, दुसऱ्या हातात फोन. ती रोजच अशी जेवते. हे मी आज पहिल्यांदा पाहिलं असं नाही, आज पहिल्यांदा दिसलं.

बाबा दारात उभे होते. किती वेळ ते उभे होते कोण जाणे. मग ते स्वयंपाकघरात आले. आमच्या गावच्या घरात त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. त्यांनी ताट शोधलं, चुकीचं कपाट उघडलं, मग बरोबर उघडलं. ताट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बस वं."

"बाबा, अहो राहू द्या, मी घेते."

"बस म्हनलं न."

ती बसली. त्यांनी डब्यातून पोळी काढून वाढली, भाजी वाढली, गार वरणाचं पातेलं तसंच उचलून आणलं. गरम करायला हवं हे त्यांना माहीत नव्हतं. श्वेता खाली मान घालून जेवली. ताट संपत आलं तसे ते दुसरी पोळी घेऊन उभे राहिले.

"आनखी एक."

"नको बाबा, बस झालं." तिची 'नको' खरी असते, हे आता बाबांनाही माहीत झालेलं आहे. तरी त्यांनी पोळी वाढली आणि वरणाचं पातेलं उचललं. तिने घाईने ताटावर हात आडवा धरला, पंगतीत बाबा धरायचे तसाच. "खरंच नको, मला सवय नाही."

बाबा पातेलं हातात घेऊन तसेच थांबले. मग म्हणाले, "सुभद्रेले मी कधी इचारलं नाही."

श्वेताने मान वर केली.

"पन्नास-पंचावन्न सालं तिनं वाढलं. माह्या मांगून चुलीमांगं बसे. काय खाये, किती खाये, उरे का नाही, मले मालूम नाही. आनखी घे वं, असं एक खेप म्हनलं नाही मी तिले. तिले कोनीच म्हनलं नाही." त्यांनी पातेलं ताटाजवळ आणलं. "आनखी घे वं पोरी. मी इचारतो तुले. पुन्हा इचारतो."

श्वेताने ताटावरचा हात काढला.

"वाढा," ती म्हणाली.

त्यांनी इतकं वरण ओतलं की ते ताटातून टेबलावर आलं. ती जेवेपर्यंत ते समोरच्या खुर्चीवर बसून राहिले आणि मध्येमध्ये पोळीच्या डब्यात डोकावत राहिले. मी बाहेर गॅलरीत गेलो, कारण मला तिथे बसवेना.

रात्री सगळे जेवायला बसलो. पिशवी दाराशीच होती. सकाळच्या एसटीचं कसं विचारावं या विचारात मी होतो. श्वेताने पोळीचा डबा उघडला आणि ती काही म्हणणार, तोच बाबांनी आपलं ताट पुढे सरकवलं.

"श्वेता वं, एक पोळी टाक मले. अन् उद्या वरनात मीठ जरा कमी घाल."

अजून त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.